जिन्याखाली कोण बसतं?

फळी आधी आली, माणूस मागनं.

कराडच्या स्टँडवर गावाकडची एसटी सुटायच्या बेतात होती. रेश्मा खिडकीजवळची जागा धरून बसली होती. तेवढ्यात दारातनं एक लांबलचक सागवानी फळी आत घुसली. दोन म्हाताऱ्यांच्या टोप्या उडवत, कुणाच्या तरी पिशवीतल्या कोंबडीला ओरडायला लावत ती पुढं सरकली आणि थेट रेश्माच्या खांद्याला टेकून थांबली. फळीच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या पायरीवर, एक सावळा उंच गडी उभा होता. केसांत लाकडाचा भुसा. आपलं पुढचं टोक कुठं जाऊन टेकलंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

कंडक्टर म्हणाला, टपावर टाक ती. गडी म्हणाला, टपावर गुळाच्या ढेपा हायत, त्यांच्याखाली ही गेली तर उतरवताना एकीच्या दोन होतील. कंडक्टर म्हणाला, मग फळीचं तिकीट काढ. गडी म्हणाला, काढतो की, पण मग तिला बसायला जागा द्या. सगळी गाडी हसली. कंडक्टरनंही शिटी मारून विषय संपवला.

रेश्माला खरं तर राग यायला पाहिजे होता. तिनं तो आणूनही बघितला.

"आवं मिस्त्री, माझा खांदा काय टेकू वाटला का तुमाला?"

तो वाकून बघायला लागला. उभ्या माणसांच्या बगलांमधनं त्याला तिचा अर्धाच चेहरा दिसला असावा. तेवढ्यानंही तो गडबडला.

"चुकलं, ताई. जरा धरता का? वळणावर घसरंल ती."

"आणि मी घसरले तर?"

"तुमी न्हाई घसरायच्या. आवाज पक्का हाय तुमचा."

आता याला काय म्हणायचं... ती खिडकीकडं तोंड करून हसली आणि फळी धरली. उसाचा हंगाम. रस्ताभर बैलगाड्यांची रांग, त्यामुळं एसटी गोगलगायीच्या चालीनं निघालेली. प्रत्येक खड्ड्याला फळी हलायची; तिकडं त्याचा हात ती सावरायचा आणि ते सावरणं इकडं तिच्या तळहाताला कळायचं. मध्ये एवढी माणसं, घामाचा, गुळाचा, बिडीचा वास — आणि तरी एका परक्या माणसाबरोबर आपण एकच वस्तू धरून बसलोय, याची तिला मोठी गंमत वाटत राहिली.

गावात दोघं एकाच थांब्यावर उतरली. त्यानं सुभेदार नाथाजीरावांचं घर विचारलं. रेश्मानं सरळ चेहऱ्यानं त्याला लांबचा रस्ता दाखवला, चावडीवरनं, मारुतीला वळसा घालून. स्वतः बोळातनं घर गाठलं, तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले. फळी खांद्यावर घेऊन घामाघूम झालेला तो गडी दारात आला तेव्हा दार तिनंच उघडलं.

"या मिस्त्री. लय वेळ लावला."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग आल्या रस्त्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"रस्ता सरळच असंल," तो म्हणाला. "दाखवणारी वाकडी भेटली." आणि हसला. एवढ्या रापलेल्या गालात ती खळी कुठून आली, देव जाणे.

त्याचं नाव आकाराम. म्हसवडच्या पलीकडचा, माणदेशातला. तिकडच्या रानात दगड भरपूर आणि पाऊस नावाला, म्हणून हा माधवनगरला येऊन एका फर्निचरच्या वर्कशॉपात सुतारकाम शिकला. नाथाजीरावांच्या पलटणीतल्या एका दोस्तानं त्याला धाडला होता.

नाथाजीराव म्हणजे रेश्माचे आबा. फौजेतनं सुभेदार होऊन परत आले, ते येताना पांढऱ्या अक्षरात नाव रंगवलेल्या काळ्या ट्रंका आणि एक सवय घेऊन आले: प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा पाहिजे. ऊस बरा होता, पेन्शन चालू होती, त्यातनं त्यांनी स्लॅबचा दुमजली बंगला बांधला. मधल्या खोलीतनं वर जाणाऱ्या जिन्याखाली मोठी पोकळी होती. रेश्मानंच त्यांच्या डोक्यात घातलं, की आबा, तिथं एक दांडगा ड्रावर करू. खाली चाकं. ओढला की भायेर, ढकलला की आत. तुमची ब्लँकेटं, वाकळा, गाद्या, ट्रंकांतलं सगळं मावंल. आबा खूश. पोरीचं डोकं फौजी आहे म्हणाले.

रेश्माच्या डोक्यात ट्रंका नव्हत्या.

ती पोकळी मोकळी ठेवली होती बनुबाईनं. बनुबाई आबांची थोरली बहीण, रेश्माची आत्ती. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासनं घर तिच्या शब्दावर चालायचं. बंगला बांधताना तिनं गवंड्याला बजावलं होतं, की जिन्याखाली भिंत घालू नको. घरात गॅस आला, रंगीत टीव्ही आला, गच्चीवर पाण्याची काळी टाकी आली. आणि जिन्याखाली, परसदाराच्या बाजूला, एक गोणपाट, एक पोचे पडलेली जर्मनची ताटली आणि एक तांब्या आला. बाईची पाळी आली की चार दिवस तिनं तिथं बसायचं. रेश्माची आई मनुबाई बसायची, रेश्मा बसायची. भाकरी वरनं टाकायची, पाणी वरनं ओतायचं, आणि डोक्यावरच्या पायऱ्यांवरनं घरातल्यांचे पाय वर-खाली जायचे. बी.ए. झालेली पोरगी त्या पायांखाली गुडघे पोटाशी घेऊन बसायची. याला कुणी सोवळं म्हणतं, कुणी रीत म्हणतं. गोड नाव दिलं म्हणून कारलं गोड होत नाही. घरच्या बाईला अडगळीत टाकायचं, याच्यापलीकडं त्यात काही नाही.

आणि मजा अशी, की याबद्दल घरच्या पुरुषासमोर एक अक्षर काढायचं नाही. तेवढी लाज शाबूत. रेश्मानं तीच लाज हत्यारासारखी उचलली होती. जागाच भरून टाकायची. आत्ती अडवणार, पण आबांना कारण काय सांगणार?

झालंही तसंच. आत्ती म्हणाली, तिथं उंदरं होतील. आबा म्हणाले, सागवान आहे, उंदराचे दात पडतील. ती म्हणाली, घराला हवा लागती. आबा म्हणाले, हवेला आख्खं शिवार पडलंय. शेवटी ती म्हणाली, जिन्याखाली जड ठेवलं की लक्ष्मी दबती. आबा म्हणाले, मग लक्ष्मीला बी ड्रावरमधी ठेवू, कुलूप लावून. आत्ती पदर झटकून आत गेली, आणि रेश्मा परसात जाऊन पोट धरून हसली.

आकाराम माप घ्यायला जिन्याखाली वाकला. टेपचं एक टोक रेश्माच्या हातात होतं. त्यानं गोणपाट बाजूला सारलं, ताटली उचलून बघितली आणि सहज विचारलं,

"हितं कुत्रं बसतं व्हय?"

"न्हाई," ती म्हणाली. "आमी बसतो. महिन्यातले चार दिस."

ताटली त्याच्या हातातनं सुटली. फरशीवर गरगरत ती बराच वेळ वाजत राहिली. त्याचे कान लाल झाले होते. मग त्यानं ती उचलली, आपल्या शर्टाला पुसली आणि देवापुढं ताम्हण ठेवावं तशी हलक्या हातानं परत जागेवर ठेवली. वर न बघता त्यानं विचारलं, ड्रावर किती मोठा करायचा?

"शेजारी मांजर बी बसाय न्हाई पायजे, एवढा."

त्या दिवसापासनं त्यानं तिला ताई म्हणायचं सोडलं. आणि नाव घ्यायचं तर धीर होईना. मग "आवं", "जरा", "ती पटाशी द्या बरं" असं बिननावाचं चालू झालं. परसातल्या शेवग्याखाली त्यानं बैठक मांडली होती. रंधा चालायला लागला की सागाचा कडवट-गोड वास घरभर फिरायचा, आणि त्या वासाच्या मागोमाग रेश्माला परसात काही ना काही काम निघायचं. कधी वाळवण हलवायचं, कधी शेवग्याच्या शेंगा मोजायच्या. शेंगा मोजून कुणी काय करतं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

एकदा तिनं त्याच्या नावावरनं छेडलं. म्हणाली, एवढ्या तरण्या माणसाला म्हाताऱ्याचं नाव कुणी ठेवलं? तो म्हणाला, आज्याचंच नाव हाय, आणि त्याचा लय फायदा झाला. घरातलं सगळं मला नावानं शिव्या द्यायचं, पण आजी नवऱ्याचं नाव कशी घेणार? तिच्या मांडीवर जाऊन बसलं की बाकीच्यांपासनंही सुटका.

"मग तुमच्या बायकोनं काय करायचं? तिनं बी न्हाई घ्यायचं नाव?"

"तिनं घ्यावं की." तो रंध्याकडंच बघत होता. "शिव्या बी द्याव्यात. पण... नावानं."

रंधा जोरात पुढं गेला. लाकडाचं एक लांब, पातळ भेंडोळं सुटून तिच्या पावलावर येऊन पडलं. तिनं ते झटकलं नाही. बोटाभोवती गुंडाळत आत गेली.

चहा त्याला कपबशीतनं यायचा. आत्तीनं पहिल्याच दिवशी आडनाव विचारून घेतलं होतं आणि आडनाव आपल्यातलं निघालं होतं. दुसरं निघालं असतं तर वळचणीला पालथा घातलेला वेगळा पेला निघाला असता. हेही त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. न बोलायच्या गोष्टींवर तर ते घर उभं होतं. सिमेंट नुसतं वरनं.

तर त्या कपबशीबरोबर एक दिवस काकवी-भाकरी आली, आणि भाकरीबरोबर आत्ती आली. जवळ बसून, आवाज खाली घेऊन म्हणाली, की लेकरा, तेवढा परसदाराकडचा कोपरा मोकळा सोड. बायकांच्या कामाचा असतो. आकारामला काय ते समजलं. पण थोरल्या माणसाचा शब्द, तोही असा मऊ आवाजातला, मोडायची त्याला सवय नव्हती. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रेश्मा कराडहून टायपिंगचा क्लास करून आली, तेव्हा जिन्याखाली लाकडी सांगाडा उभा राहिला होता. देखणा. कोन बरोबर, सांधे बरोबर. आणि परसदाराच्या बाजूला एक पोकळी सोडलेली. एक बाई गुडघे पोटाशी घेऊन बसेल, एवढी.

"ही जागा कशापायी?"

"आत्ती म्हणाल्या..."

"आणि मी काय म्हणाले हुते?"

तो चाचरला. म्हणाला, तुमचा ड्रावर बी होतोय, त्यांचा कोपरा बी राहतोय. दोघींचं बी मन...

"दोघींचं न्हाई. तुमचं भागलं. दोन्हीकडनं चांगलं व्हायचं हुतं तुमाला." तिनं सांगाड्यावर हात आपटला. "तुमची आई कुठं बसती, मिस्त्री?"

तो पटाशीच्या धारेवर अंगठा फिरवत राहिला.

"गोठ्यात."

"आणि बायकोला कुठं बसवणार?"

हा प्रश्न रेश्माच्या जिभेवर आजचा नव्हता. स्थळं येत होती. पोहे खाणारे मामा तिला विचारायचे, स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का, जरा चालून दाखव. ती मान खाली घालून उत्तरं द्यायची, आणि तिला फक्त एकच विचारायचं असायचं, की तुमच्या घरात मला कुठं बसवणार? ते विचारता यायचं नाही, म्हणून मग कुणाचं नाकच वाकडं, कुणाचं गावच लांब, अशी कारणं काढून ती स्थळं मोडायची. आज तो प्रश्न रागाच्या भरात एका सुतारापुढं सुटला. आणि सुटता सुटताच तिच्या ध्यानात आलं — याचं उत्तर काय येतंय, याची आपल्याला भीती वाटतीय. बाकीच्यांच्या उत्तराची नुसती किळस वाटायची.

त्यानं हत्यारं गोळा करून भिंतीशी लावली, तोंडावर पाणी मारलं आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आबा म्हणाले, मिस्त्री लोकांची हीच बोंब, एकाचं अर्धं टाकायचं आणि दुसऱ्याचं धरायचं. आत्ती काही म्हणाली नाही. तिचा कोपरा सुटला होता, ती खूश होती. वेशीपाशी नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ झाला होता. रेश्मा दोनदा तिथपर्यंत जाऊन परत आली. माधवनगरला फोन लावून विचारायचं काय? रंधा इथं राहिलाय म्हणून सांगायचं?

परस गप झालं होतं. एसटीचा हॉर्न वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं. आपण जास्त बोललो, असं तिला एकदाही वाटलं नाही. फक्त... ज्याला बोललो तो परत यावा, एवढंच वाटत होतं.

तो आला तो भर दुपारी. कुणाशी बोलला नाही, हत्याराला हात लावला नाही. सरळ मधल्या खोलीत गेला आणि त्या सोडलेल्या कोपऱ्यात, गोणपाटावर, जाऊन बसला. एवढा उंच गडी. गुडघे हनुवटीला लागलेले, मान पायरीखाली दबलेली. पिशवीतनं फडकं काढलं, पोचे पडलेल्या ताटलीत भाकरी ठेवली आणि जेवायला सुरुवात केली.

रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या मागं आई. परसदारातनं आत्ती आली आणि जागच्या जागी थिजली.

"ऊठ रं. ऊठ तिथनं आधी."

"का वं आत्ती? गार हाय की हितं."

"तिथं बसायचं नसतं."

"मग कोण बसतं हितं?"

 आवाज ऐकून आबा पेपर हातात घेऊन आले. आकारामनं बसल्या जागेवरनंच त्यांना सांगितलं, की सुभेदारसाहेब, जागा आत्तींनीच सोडाय लावली आणि आता मला हितं बसून जेवू देत न्हाईत.

"का गं आक्का?" आबांनी विचारलं.

कुकर शिट्टी देऊन गप झाला. आत्तीनं भावाकडं बघितलं, मग जमिनीकडं. आईनं पदर तोंडाला लावला. आकारामनं घास हातातच धरून ठेवला होता आणि तो रेश्माकडं बघत होता. मदत करत नव्हता, नुसता वाट बघत होता.

रेश्माला आता हसू आलं नाही. हीच लाज वापरून तिनं आत्तीला गप केलं होतं. पण ती लाज तिलाही गप करत होती, आणि सगळ्यात जास्त आईला. ड्रावरनं कोपरा भरला असता. आत्तीनं उद्या न्हाणीघर शोधलं असतं, परवा सरपणाची खोली. किती ठिकाणी ड्रावर करणार?

"आबा, तिथं मी बसते," ती म्हणाली. "आई बसती. पाळी आली की तिथं बसायचं, म्हणून ती जागा हाय."

पाळी हा शब्द त्या घरात पुरुषासमोर पहिल्यांदाच बोलला गेला. स्लॅब पडला नाही. पंखा फिरतच राहिला.

नाथाजीरावांना हे ठाऊक नव्हतं, असं समजू नका. ठाऊक असून न बघण्याची कला पुरुषाला कुणी शिकवावी लागत नाही. पण पोरीनं ते नाव घेऊन समोर ठेवल्यावर डोळे कुठं वळवायचे, हे त्यांना सुचेना. पेपरची घडी घालून त्यांनी तो खुर्चीवर ठेवला, चपला घातल्या आणि रानात निघून गेले. आकाराम घाईनं उठायला गेला आणि पायरी टाळक्यात बसली.

आत्ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. ओरडेल असं वाटलं होतं. रडलेली कुणी बघितली नव्हती.

"मी माझ्या पदरचं काढलंय व्हय गं हे? न्हाण आल्यापासनं बसले मी. थंडीवाऱ्यात, पडवीला, कुत्र्यामांजरात... मला कवा कुणी ऊठ म्हणालं न्हाई."

  रेश्मा जाऊन आत्तीच्या शेजारी बसली. आत्तीनं नाक पुसलं आणि जुन्याच ठसक्यात विचारलं, की मग आता बसायचं कुठं म्हणता?

उत्तर आईनं दिलं. जिचा आवाज घरात भांड्यांपेक्षाही कमी ऐकू यायचा, ती मनुबाई म्हणाली, "जिथं जेवतो तिथं."

गुरं परतायच्या वेळेला आबा आले. जिन्यासमोर हात मागं बांधून उभे राहिले, जसे कधी काळी परेडला राहत असतील.

"मिस्त्री, कोपरा सोडायचा न्हाई. या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. आणि ती ताटली भंगारात घाला."

मग काम झपाट्यानं झालं. जिन्याच्या उतरत्या कडेशी जुळणारी पुढची फळी, खाली भक्कम चाकं, दोन पितळी मुठी. आत एक आख्खा संसार मावेल एवढा खण. आकाराम रेश्माला म्हणाला, ओढा. ती कंबर कसून उभी राहिली आणि एका हातानंच तो अजस्र खण अलगद बाहेर आला, कालवणातनं डाव निघावा तसा. ती मागच्या मागं पडता पडता राहिली. तो हसला. तिनं रागानं बघितलं आणि तीही हसली.

दोघं खणाच्या दोन बाजूंना उभी राहून आबांची ब्लँकेटं आत रचायला लागली.

"मी घरी गेलो हुतो," तो म्हणाला. "त्या दोन-तीन दिसात."

त्यानं आईला, धोंडुबाईला, सांगितलं होतं की आता गोठ्यात बसायचं न्हाई. त्याला वाटलं होतं, आई खूश होईल. आई भडकली. म्हणाली, वर्षभर मला सगळी हाक मारत्यात — पाणी आण, भाकरी टाक, शेण काढ. गोठ्यातल्या चार दिसात कुणी हाक मारत न्हाई. तेवढाच माझा इसावा, तो बी काढून घ्यायला आलास व्हय?

रेश्माचे हात थांबले. हे तिच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

"मग?"

"मग म्हटलं, आये, इसावा घरात घे. ते चार दिस चूल माझी. मी हितं नसलो तर वडलांची." तो ब्लँकेटची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होता. "लगेच चुलीपुढं बसलो. पयली भाकरी म्हशीनं बी हुंगून टाकली."

ती एवढ्या मोठ्यानं हसली, की आतनं आत्ती खाकरली.

"आणि दुसरी?"

"दुसरी आईनं खाल्ली. घरात बसून."

 बाहेर कुठंतरी उसाच्या गाडीची घुंगरं वाजत लांब गेली.

"तुमी इचारलं हुतं न्हवं," तो म्हणाला, "बायकोला कुठं बसवणार म्हणून... त्याचं उत्तर हाय माझ्याकडं. पण बायकोच न्हाई."

"मग बघा की एखादी."

"बघितलीया. पण ती बागायतातली. आमच्याकडं टँकर आला तर पाणी, न्हाई आला तर आभाळ. तिच्या आबांना..."

"आबांचं आबा बघतील. तिला इचारलं का?"

"इचारतोयच की... किती दिस झालं."

"असं व्हय?" तिनं ब्लँकेट त्याच्या हातातनं काढून घेतलं. "मला वाटलं, ड्रावर करताय."

त्यानं मान वर केली. आत्तापर्यंत चुकवलेलं सगळं बघणं त्या एका बघण्यात होतं.

"रेश्मा," तो म्हणाला. पहिल्यांदाच. आणि मग हलकेच, "येशील?"

तिला वाटलं होतं, अशा वेळी लाजायचं असतं. लाज कुठं शोधूनही सापडेना.

"येते. पण आकाराम, ती चूल नुसती आईपुरती, का..."

"न्हाई. सगळ्यांसाठी."

"मग जरा भाकरी शिक. म्हैस उपाशी मरंल."

तिनं ब्लँकेट खाली ठेवलं आणि पदर खोचून सरळ पुढच्या सोप्यात गेली. आबा खुर्चीत पेपर वाचत होते. आत्ती खाली सुपात तांदूळ निवडत होती. एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा सोपं जातं, हे तिला नुकतंच कळलं होतं.

"आबा, मला आकारामशी लगीन करायचंय."

सूप थांबलं. आत्तीनंच आधी तोंड सोडलं. माणदेशात? तिथं कुसळं उगवत्यात. प्यायला पाणी न्हाई, अंघोळीला कुठनं येणार? सोवळं-ओवळं पाळायचं कसं त्या मुलखात?

"म्हणूनच चाललीय, आत्ती," रेश्मा म्हणाली. मनुबाई दारामागं फसकन हसली.

आबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. हा माणूस बर्फात राहिला होता, वाळवंटात राहिला होता. पाणी नसलेला मुलूख म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं.

"तिथं पाणी न्हाई, पोरी. ऊस न्हाई. दोन खोल्यांचं घर असंल. समजून सवरून जायाला तिथं काय हाय एवढं?"

"बसायला जागा हाय, आबा," ती म्हणाली. "घरभर."

आबा बराच वेळ चष्म्याची काच धोतराला पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. मग त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, की मिस्त्री, हात धुऊन या हिकडं.

आकाराम आला. हात ओले, केसांत भुसा, तोंडावर रंग नाही. एका खुर्चीवर सुभेदार, खाली आत्ती, दारात मनुबाई. तो उभाच राहिला.

"बसा," आबा म्हणाले.

"कुठं बसू?"

भिंतीकडेच्या बाकावर रेश्मा बसली होती. ती थोडी सरकली.